एक खूरही मागे राहणार नाही

मिसर देशात बेडकांची पीडा आली तेव्हाचा प्रसंग. बेडूक राजवाड्यात शिरले, बिछान्यांत शिरले, भट्ट्यांत आणि पीठ मळायच्या काथवटींत शिरले. मिसरचा राजा फारो टेकीला आला. त्यानं मोशेला बोलावून घेतलं आणि सांगितलं, परमेश्वराला विनंती कर, एवढे बेडूक घालव. मोशेनं विचारलं, केव्हा घालवायचे ते तूच सांग. फारो म्हणाला, उद्या.

बायबलमधल्या निर्गमच्या आठव्या अध्यायातला हा शब्द मला पुढे जाऊ देत नाही. अंथरुणात बेडूक, अन्नात बेडूक, आणि समोरचा माणूस विचारतोय की यातून कधी सुटायचं आहे. ‘आत्ता’ म्हणायला कुणाची आडकाठी नव्हती. तरीही उद्या. आणखी एक रात्र बेडकांसोबत.

पापाचा वीट येणं वेगळं आणि ते सोडायला तयार होणं वेगळं. वीट आपल्याला बहुधा पापाच्या परिणामांचा येतो. तुटलेल्या नात्यांचा, उडालेल्या झोपेचा, कुणाला कळेल की काय या धास्तीचा. परिणाम जावेत, मूळ मात्र राहावं, अशी आपली आतून इच्छा असते आणि तिलाच आपण पश्चात्ताप समजतो. फारोनं तर पुढे गारांची पीडा आली तेव्हा तोंडानं कबुलीही दिली: मी पाप केलं, परमेश्वर न्यायी आहे. गारा थांबल्या आणि तो पुन्हा पहिल्यासारखा झाला.

इस्राएल लोकांना देशाबाहेर जाऊ देण्यावरून याच फारोची मोशेबरोबर चाललेली घासाघीस ओळीनं वाचावी. आधी म्हणतो, यज्ञ करायचा ना, इथेच करा, देश सोडून कशाला जाता? मग म्हणतो, बरं, जा, पण फार लांब जाऊ नका. मग फक्त पुरुषांनी जावं. शेवटी म्हणतो, मुलंबाळं घेऊन जा, गुरंढोरं तेवढी इथे राहू द्या. दर खेपेला तो थोडा सरकतो, आणि दर खेपेला काहीतरी मागे ठेवून घेतो. मोशेचं उत्तर असं की आमची गुरंही आमच्याबरोबर येतील, एक खूरही मागे राहणार नाही. कारण परमेश्वराची सेवा कशानं करायची हे तिथे पोहोचेपर्यंत आम्हाला ठाऊक नाही.

मनापासून पश्चात्ताप म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी हेच वाक्य पुढे करीन. एक खूरही नाही.

आपण मात्र पश्चात्तापाची खोली अश्रूंवरून मोजतो. प्रार्थनासभेत कुणी ढसाढसा रडलं की आपण म्हणतो, याचं मन पालटलं. पालटलंही असेल. मी अश्रूंना कमी लेखत नाही. येशूला नाकारल्यावर पेत्र बाहेर जाऊन रडला ते रडणं खरंच होतं. पण एसावही रडला होता, आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात त्याच्या अश्रूंबद्दल जे लिहिलं आहे, की रडून शोधूनही त्याला पश्चात्तापाला वाव मिळाला नाही, ते वाचून अंगावर काटा येतो. प्रेषित पौल करिंथकरांना दोन प्रकारच्या दुःखांबद्दल सांगतो. एक देवाला अनुसरून असलेलं, ते तारणाकडे नेतं. दुसरं जगाचं, ते मरणाकडे. दोन्हींत डोळे सारखेच ओले होतात. फरक कळतो तो नंतर, माणसानं काय मागे ठेवलं आणि काय बरोबर घेतलं यावरून. कोरड्या डोळ्यांनी टेबलाशी बसून एखादं अवघड पत्र लिहून टाकणारा माणूस कधीकधी रडणाऱ्यापेक्षा फार पुढे गेलेला असतो.

शौल राजाचं उदाहरण याच जातीचं. अमालेकी लोकांची लूट ठेवायची नाही अशी आज्ञा होती. शौलानं निवडक मेंढरं आणि बैल राखून ठेवले आणि शमुवेल संदेष्टा आला तेव्हा हसतमुखानं सामोरा जाऊन म्हणाला, मी परमेश्वराची आज्ञा पाळली. शमुवेलानं विचारलं, मग ही मेंढरांची बेंबें माझ्या कानी पडते आहे ती कसली? राखून ठेवलेलं पाप असंच असतं. आपण बोलत असतो आणि मागून ते ओरडत असतं. शौल आधी म्हणाला, लोकांनी आणली. मग म्हणाला, यज्ञासाठीच ठेवली आहेत. खूप कोंडीत सापडल्यावर म्हणाला, मी पाप केलं आहे. आणि त्याला लागूनच म्हणाला, तरी आता माझ्या लोकांच्या वडीलजनांसमोर माझा मान राख.

कबुली आणि मान, दोन्ही एका वाक्यात. त्यानं मागे ठेवलेलं खरं जनावर मेंढरू नव्हतंच. आपली प्रतिमा हेच त्याचं राखून ठेवलेलं जनावर होतं.

दाविदाचा गुन्हा शौलाच्या गुन्ह्याहून लहान नव्हता. बथशेबेशी व्यभिचार, मग तिचा नवरा उरीया याचा रणात घडवून आणलेला मृत्यू, आणि वरून सगळं झाकून टाकणं. नाथान संदेष्टा आला आणि त्यानं गरिबाच्या एकुलत्या कोकरीची गोष्ट सांगितली, जिला तो आपल्या ताटातलं भरवायचा आणि जी त्याच्या उराशी निजायची. ती कोकरी एका श्रीमंतानं पाहुण्यासाठी कापली. दावीद संतापला, म्हणाला, त्या माणसानं चौपट भरून दिलं पाहिजे. नाथान म्हणाला, तो माणूस तूच आहेस. यावर दावीद एवढंच म्हणाला: मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे. ‘पण’ नाही, ‘तरी’ नाही, वडीलजन नाहीत. एक्कावन्नाव्या स्तोत्रात तो देवाकडे मान मागत नाही, शुद्ध हृदय मागतो. मागतो असं म्हणताना थांबावंसं वाटतं, कारण शब्द ‘उत्पन्न कर’ असा आहे. आहे तेच हृदय झाडूनपुसून देण्याची ही विनंती नाही. नवं घडव, माझ्याकडे ते नाही, असं राजा सांगतो आहे.

आणि तरीही क्षमेनं परिणाम पुसले गेले नाहीत. बाळ गेलं, घरातला कलह दाविदाच्या आयुष्यभर संपला नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पश्चात्ताप केला की सगळं पूर्ववत होईल असं सांगणारे लोक दुखावलेल्या माणसावर दुहेरी अन्याय करतात. क्षमा पूर्ण मिळते. उरीया परत येत नाही.

आता मागे ठेवायच्या गोष्टींकडे वळते, कारण माझ्या मते आपलं खरं काम तिथे आहे. नाश होऊ घातलेल्या सदोम शहराबाहेर पडताना लोटानं देवदूतांना एका गावासाठी गळ घातली. डोंगरापर्यंत जाणं मला जमणार नाही, ते जवळचं गाव बघा, लहानसंच आहे ना ते? मोठं पाप सोडताना आपणही असंच एखादं लहानसं गाव मागून घेतो. संबंध तोडला, पण नंबर फोनमध्ये दुसऱ्याच कुणाच्या नावानं ठेवला. दारू सोडली, पण कपाटाच्या वरच्या फळीवर पाहुण्यांसाठी म्हणून एक बाटली राहिली. भावाला माफ केलं, पण तो काय बोलला होता ते शब्दन् शब्द जपून ठेवलं आणि अधूनमधून काढून पाहिलं. लोटाला ते गाव मिळालं, हे विशेष. पण त्याला तिथेही राहवेना. भीती वाटून तो शेवटी डोंगरावरच गेला, आणि तिथे गुहेत राहिला.

पौल रोमकरांस लिहितो की प्रभू येशू ख्रिस्ताला परिधान करा आणि देहाच्या वासनांसाठी तरतूद करू नका. तरतूद! पाप अचानक घडतं असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा त्याची शिदोरी आधीच बांधलेली असते. वेळ मोकळी ठेवलेली असते, दार कडी न लावता लोटलेलं असतं, सबब तयार असते. इ. स. 386 मध्ये मिलान शहरातल्या एका बागेत, पुढे बिशप झालेल्या ऑगस्टीननं उघडलेलं वचन हेच. त्याआधी कितीतरी वर्षं तो शुद्धतेसाठी प्रार्थना करत होता, आणि तरुणपणी ती कशी करत होता तेही त्यानं लिहून ठेवलं आहे: मला शुद्धता दे, पण इतक्यात नको. फारोच्या ‘उद्या’चीच ही प्रार्थना झाली. त्या बागेत त्यानं हे वचन वाचलं आणि पुढे वाचायची गरज त्याला उरली नाही.

इफिस शहरातल्या नव्या विश्वासणाऱ्यांनी काय केलं ते प्रेषितांच्या कृत्यांत आहे. जादूटोणा करणाऱ्यांनी आपापली पुस्तकं आणली आणि सगळ्यांदेखत जाळली. त्यांची किंमत लावली तेव्हा ती 50,000 चांदीच्या नाण्यांची भरली. एक नाणं म्हणजे तेव्हाच्या मजुराची साधारण दिवसाची कमाई. पन्नास हजार दिवसांची मजुरी डोळ्यांसमोर राख झाली. कुणीही म्हणालं असतं, विका ना, आणि पैसे गरिबांना द्या. तो सल्ला वरवर शहाणा आणि धार्मिकही वाटतो. पण विकलेलं पुस्तक दुसऱ्या कुणाच्या तरी घरात तेच काम करत राहिलं असतं. आपलं पाप दुसऱ्याच्या गळ्यात बांधून आपण मोकळे होत नाही, हे त्या लोकांना कुणी न शिकवता कळलं.

आणि जे जाळून भागत नाही ते परत करावं लागतं. नियमशास्त्रात हे अगदी व्यवहाराच्या भाषेत आहे: दुसऱ्याचं घेतलं असेल तर ते पुरं भरून दे आणि वर पाचवा हिस्सा घाल. मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं असेल तर एकाला चार. दाविदानं रागाच्या भरात उच्चारलेली चौपट तीच. आणि यरीहोचा जक्कय, मुख्य जकातदार, आपल्या घरात उभा राहून प्रभूला म्हणतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कुणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत करतो. दाविदानं दुसऱ्याला ठोठावलेली शिक्षा जक्कयानं आपण होऊन आपल्याला लावून घेतली.

पण इथे क्रम पाहायला हवा. येशूला पाहायला जक्कय झाडावर चढला होता. येशूनं झाडाखाली थांबून त्याला नावानं हाक मारली, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे असं सांगितलं, तेव्हा जक्कयानं एक पैही परत केलेली नव्हती. लोक कुरकुरले ते त्यासाठीच. आधी हिशेब चुकता कर, मग येतो, असं प्रभू म्हणाला असता तर जक्कय झाडावरून उतरला असता का, मला शंका आहे. देवाचा चांगुलपणाच माणसाला पश्चात्तापाकडे नेतो, असं पौल म्हणतो. येशूच्या दाखल्यातल्या उधळ्या पुत्रानं घरी परतताना पाठ केलेलं भाषण बापानं मध्येच तोडलं. ‘मला तुमच्या एका चाकरासारखं ठेवा’ हे शेवटचं वाक्य तो म्हणूच शकला नाही. भीतीनं माणूस पाप लपवायला शिकतो. सोडायला शिकतो तो मायेनं.

परतफेडीचा एक प्रसंग मला जवळून माहीत आहे. आमच्या प्रार्थनागटातल्या एका भावानं जुन्या नोकरीत खोटी प्रवासबिलं लावून पैसे उचलले होते. कुणालाही पत्ता लागला नव्हता, लागणारही नव्हता. विश्वासात आल्यावर काही महिन्यांनी तो रक्कम घेऊन त्या कचेरीत गेला, पाचवा हिस्सा वर घालून. सोबत मी आणि आणखी एक बहीण होतो. हिशेबखात्यातल्या बाईंनी त्याचं म्हणणं दोनदा ऐकून घेतलं, रजिस्टर उघडलं, पेन हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. म्हणाल्या, “दादा, हे मी कोणत्या खात्यावर जमा करू? यासाठी आमच्याकडे रकानाच नाही.” त्याचा चेहरा पडला. त्याला वाटलं होतं, ओरडतील, साहेबांकडे नेतील, पोलिसांना बोलावतील. या सगळ्याची तयारी करून तो आला होता. रकाना नसेल याची नव्हती. शेवटी त्यानं कागद मागून घेतला आणि उभ्याउभ्याच लिहून दिलं: अमुक काळात मी खोटी बिलं लावली, ती रक्कम परत करत आहे. खाली पूर्ण नाव, सही. बाईंनी तो कागद वाचला, आणि मग खुर्ची पुढे केली. “बसा ना,” म्हणाल्या. जिन्यावरून उतरताना तो आमच्याशी एक शब्दही बोलला नाही. मला त्या दिवसापासून ‘पाप पदरी घेणं’ म्हटलं की तो कागद आठवतो, त्यातलं पूर्ण नाव आठवतं.

याकोब म्हणतो, आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा. कॅथलिक मंडळीत हे पापनिवेदनाच्या संस्कारातून होतं, आणि तिथे ऐकलेलं काही झालं तरी फादरनी बाहेर सांगायचं नाही असा कडक नियम आहे. इतर मंडळ्यांत ते पाळकांजवळ किंवा एखाद्या भरवशाच्या भावाबहिणीजवळ होतं. पद्धतीवरून वाद घालणाऱ्यांना घालू दे. मला एवढं दिसतं की देवाजवळ एकट्यानं केलेली कबुली आपण फार लवकर गुळगुळीत करून टाकतो. दुसऱ्या माणसाच्या कानावर घालताना मात्र पापाला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारावी लागते. ‘माझ्याकडून काही उणिवा राहिल्या’ असं म्हणून तिथे भागत नाही.

घर नुसतं रिकामं करूनही चालत नाही. अशुद्ध आत्मा बाहेर पडलेल्या घराचा दाखला येशूनं दिला, तो मला फार गंभीर वाटतो. घर झाडलेलं, सजवलेलं, आणि रिकामं. गेलेला आत्मा स्वतःहून वाईट असे आणखी सात घेऊन परततो. सवय सोडलेल्या कितीतरी माणसांचं हेच होतं. सोडली त्या जागी काही आलंच नाही. पौल चोराला काय सांगतो? चोरी करू नकोस, एवढ्यावर तो थांबत नाही. आपल्या हातांनी कष्ट कर, म्हणजे गरजवंताला द्यायला तुझ्याजवळ काही असेल. घेणारा हात देणारा होतो तेव्हा चोरी सुटते.

आणि पापाचा काही भाग असा असतो की तो आपल्याला दिसतच नाही. जॉन न्यूटन हा इंग्रज खलाशी 1748 च्या मार्चमध्ये अटलांटिकमधल्या वादळात सापडला, जहाज बुडायला आलं, आणि त्यानं देवाचा धावा केला. तो दिवस तो जन्मभर आपल्या पालटाचा दिवस म्हणून पाळत राहिला. त्यानंतर, हो, त्यानंतर, 1750 ते 1754 तो गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांचा कप्तान होता. वर डेकवर तो खलाश्यांची उपासना घ्यायचा आणि खाली माणसं साखळ्यांत होती. ते काम त्यानं सोडलं तेही आजारपणामुळे. 1764 मध्ये तो पाळक झाला. या व्यापाराविरुद्ध त्यानं उघड लिहिलं ते 1788 मध्ये, आणि आपण त्यात स्वतः होतो हे लाजेनं सांगत, ही कबुली फार उशिरा येते आहे हे मान्य करत. 1807 मध्ये ब्रिटिश संसदेनं तो व्यापार बंद केला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूटन वारला.

वादळातला पश्चात्ताप खोटा होता असं मी म्हणणार नाही. पण वादळापासून त्या लेखनापर्यंत चाळीस वर्षं गेली, आणि त्या उशिराची किंमत न्यूटननं नाही, जहाजाच्या पोटातल्या माणसांनी मोजली. म्हणून ‘देव मला हळूहळू दाखवतो आहे’ हे वाक्य मी फार जपून वापरते. दाखवतो हळूहळू, हे खरं. पण कुणीतरी त्या वेळात दुखावलं जात असतं. ज्या व्यवहाराला आपल्याभोवतीचे सगळे भले लोक मान देतात, तिथेच आपल्याला न दिसणारं जनावर बांधलेलं असण्याचा संभव जास्त. स्तोत्रकर्ता ‘आपल्या चुका कुणाला कळतात? गुप्त दोषांपासून मला मुक्त कर’ अशा अर्थाची प्रार्थना करतो ती यासाठीच असावी.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण हळव्या मनाची माणसं असं काही वाचून कोलमडतात. मठात असताना मार्टिन ल्यूथर तासन्‌तास पापनिवेदन करत बसायचा, आणि उठून गेल्यावर राहिलेलं काहीतरी आठवून परत यायचा. संघातल्या ज्या वरिष्ठाजवळ, स्टाउपित्झजवळ, तो हे सांगायचा तो थकून जाई, पण ल्यूथरला काही शांती मिळत नसे. पुढे 31 ऑक्टोबर 1517 ला त्यानं जे 95 मुद्दे मांडले त्यातला पहिलाच असा की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं अशी प्रभूची इच्छा आहे. एकेक पाप वेचून यादी पुरी करण्याच्या धडपडीतून बाहेर आलेला माणूस हे म्हणतो आहे, म्हणून मला त्याचा भरवसा वाटतो. एक खूरही मागे ठेवायचं नाही याचा अर्थ प्रत्येक खूर मोजून दाखवायचं असा नाही. बांधून ठेवलेली दोरी तेवढी सोडायची.

आणि जे खरोखरच आज सुटत नाही, तेही देवापुढे बोलता येतं. अरामी सेनापती नामान कोढातून बरा झाला, यापुढे परमेश्वरावाचून कुणाला यज्ञ करणार नाही म्हणाला, आणि लगेच अलीशा संदेष्ट्याला म्हणाला की एका गोष्टीची मात्र परमेश्वरानं मला क्षमा करावी. माझा राजा रिम्मोनाच्या देवळात माझ्या हाताचा आधार घेऊन नमन करतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं. अलीशानं त्याला झिडकारलं नाही. शांतीनं जा, म्हणाला. शौलानं राखलेलं आणि नामानानं सांगितलेलं यांत माझ्या लेखी फार अंतर आहे. एकानं लपवलं, दुसऱ्यानं आपण होऊन पुढ्यात ठेवलं.

येशूला पैशांसाठी धरून देणाऱ्या यहूदालाही पस्तावा झाला होता. त्यानं चांदीची तीस नाणी परत केली, निर्दोष रक्त धरून देऊन मी पाप केलं असंही म्हणाला. कबुली होती, परतफेडही होती. पण तो गेला याजकांकडे, आणि त्यांनी सांगितलं, आम्हाला त्याचं काय, तुझं तू बघ. ज्याचा त्यानं घात केला त्याच्याकडे तो परत गेला नाही. पेत्र मात्र समुद्रकिनाऱ्यावर येशू उभा आहे हे कळताच होडीतून उडी टाकून त्याच्याकडे गेला. तिथे कोळशांचा विस्तव पेटलेला होता. ज्या रात्री पेत्रानं तीनदा नाकारलं त्या रात्रीही तो अशाच विस्तवाशी शेकत उभा होता. येशूनं त्याला ‘पुन्हा असं करणार नाहीस ना?’ हे विचारलं नाही. तीनदा विचारलं ते प्रेमाबद्दल, आणि तीनदा काम दिलं.

पेत्र त्यानंतरही घसरला. अंत्युखियात तो विदेशी विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंगतीत जेवत असे, पण याकोबाकडची माणसं आल्यावर त्यांच्या भीतीनं अंग चोरून वेगळा बसू लागला. अंगणातल्या त्या रात्रीची तीच भीती होती, लोक काय म्हणतील ही. पौलानं सगळ्यांसमोर तोंडावर त्याची चूक दाखवली. गलतीकरांस पत्रात हे स्वच्छ लिहिलेलं आहे, आणि पेत्रानं उलट काही उत्तर दिल्याची नोंद तिथे नाही. पेत्राच्या नावानं असलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी पौलाचा उल्लेख येतो, तेव्हा त्याच्यासाठी शब्द आहेत ‘आपला प्रिय बंधू पौल’.